चिऱ्यांच्या घरातून अंटार्क्टिकाच्या बर्फाकडे : पुराहवामानशास्त्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी

पीएच.डी.च्या मुलाखतीत मला एकाच प्रश्नाचे उत्तर धड देता आले नाही आणि नेमका तोच प्रश्न पुढची अकरा वर्षे माझ्या मानगुटीवर बसला. समितीतील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारले होते, “अंटार्क्टिकावर बर्फ साठू लागले, हे विषुववृत्ताजवळच्या समुद्रतळावर राहणाऱ्या एकपेशीय जिवांना कसे कळले?” मी म्हणाले, “पाणी थंड झाले म्हणून, सर.” त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, “तेवढेच?” मी गप्प बसले. निवड झाली, पण यादीत शेवटून दुसरी. त्या “तेवढेच?”चे पूर्ण उत्तर काय, हे कळायला मला तीन वर्षे लागली. आज या विषयात, म्हणजे प्राचीन काळच्या हवामानाच्या अभ्यासात, येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलताना मला जाणवते की बहुतेकजण तिथेच अडतात. म्हणून हा लेख मी त्या उत्तराभोवती लिहिते आहे आणि प्रवेशपरीक्षा, पाठ्यवृत्ती इत्यादी गोष्टी शेवटाकडे, लागतील तेवढ्याच सांगणार आहे.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. मी राजापूर तालुक्यातली. आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, शाळेची वाट सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून, जाणारी. रत्नागिरी जिल्ह्यातच भूशास्त्रात बी.एस्सी. केले, पुण्यात एम.एस्सी. आणि नंतर गोव्यात संशोधन. अंटार्क्टिकाला मी अद्याप गेलेले नाही. हे मुद्दाम सांगते, कारण विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न “तिथे जायला मिळेल का?” हाच असतो आणि या प्रश्नापोटी चुकीची शाखा निवडणारे मी पाहिले आहेत.

बर्फाचा इतिहास बर्फातच वाचायचा असतो, हा नवोदितांचा समज काही अंशी खरा आहे. अंटार्क्टिकातील व्होस्तोक येथील हिमगाभ्याने, म्हणजे खणून काढलेल्या बर्फाच्या लांब दांड्याने, १९९९ साली ४ लाख २० हजार वर्षांची नोंद जगापुढे ठेवली. डोम सी येथील ३ किलोमीटरहून अधिक लांबीच्या गाभ्याने ती ८ लाख वर्षांपर्यंत नेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय संशोधकांनी २,८०० मीटर खोलीवर तळचा खडक गाठून १२ लाख वर्षांपर्यंतचे बर्फ वर आणले. या बर्फात त्या-त्या काळची हवा बुडबुड्यांच्या रूपाने अडकलेली असते, त्यामुळे त्याचे मोल वेगळे सांगायला नको. परंतु अंटार्क्टिकावरची हिमचादर जन्मली ती सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी, आणि हिमचादर ही काही साठवणीच्या कणगीसारखी जागेवर बसून राहणारी वस्तू नव्हे. ती स्वतःच्या भाराने कडेकडे सरकत राहते आणि शेवटी समुद्रात तुटून पडते. ज्या हिमवर्षावाने तिची सुरुवात झाली, त्याचे बर्फ केव्हाच वाहून गेले. तिच्या जन्माची नोंद सापडते ती समुद्रतळावरच्या गाळात, तीही कित्येकदा ध्रुवापासून हजारो किलोमीटर दूर. ज्याला या विषयात यायचे आहे त्याने थंडीच्या कपड्यांआधी सूक्ष्मदर्शकाची सवय करावी, असे मी म्हणते ते यामुळे.

आता प्रसंग नेमका कोणता ते पाहू. इओसीन काळात, ज्याला आपल्या विश्वकोशात आदिनूतन म्हटले आहे, अंटार्क्टिका दक्षिण ध्रुवावरच होती, पण तिच्यावर हिमचादर नव्हती. २०१० साली विल्क्स लँडच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळ खणून काढलेल्या गाळात सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे ताडवर्गीय झाडांचे परागकण मिळाले. त्याहूनही मागे, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, आजच्या अमुंडसेन समुद्राच्या परिसरात दाट अरण्य होते. तिथल्या गाळाच्या गाभ्यात मुळांचे जाळे जसेच्या तसे सापडले आणि २०२० साली ते प्रसिद्ध झाले. चार महिने रात्र असलेल्या प्रदेशात अरण्य! पुढे इओसीन संपून ऑलिगोसीन म्हणजे अल्पनूतन काळ सुरू होताना, जेमतेम ३ लाख वर्षांच्या अवधीत, या खंडाने हिमचादर पांघरली. आज ती सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरवर पसरलेली आहे आणि सगळी वितळली तर जगभरच्या समुद्राची पातळी सुमारे ५८ मीटरने वाढेल. उत्तरेकडचा प्रकार निराळा आहे. तिकडच्या मोठ्या हिमचादरी भूशास्त्रीय मानाने कालच्या, म्हणजे सुमारे २७ लाख वर्षांपूर्वीपासूनच्या. त्यांच्यावर मी काम केलेले नाही, म्हणून इथे त्यांना हात घालत नाही.

माझ्या मुलाखतीतल्या प्रश्नाचे उत्तर ऑक्सिजनमध्ये आहे. ऑक्सिजनचे दोन समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, आपल्या कामाचे आहेत : हलका, वजन १६, आणि जड, वजन १८. समुद्राच्या पाण्याची वाफ होताना हलक्या ऑक्सिजनचे रेणू अधिक सहज सुटतात. पुढे त्या वाफेचा ढग ध्रुवाकडे जाताना वाटेत पाऊस पाडत जातो तेव्हा जड रेणू आधी गळतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर कोसळून देशावर पोहोचेपर्यंत ढग रिता होत जातो, तसाच हा प्रकार, फक्त इथे रिता होताना तो उरलेल्या पाण्यात अधिकाधिक हलका होत जातो. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडणारे हिम इतके हलके असते की समुद्राच्या तुलनेत त्याचा आकडा दर हजारी उणे ५० च्या घरात जातो. असे हलके पाणी खंडावर बर्फ होऊन अडकून पडले, की मागे समुद्रात राहिलेले पाणी थोडेसे जड होते. समुद्र एकच असल्यामुळे आणि तो हजार-दीड हजार वर्षांत ढवळून निघत असल्यामुळे हा जडपणा विषुववृत्तापाशीही पोहोचतो. तिथल्या तळावरचे फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव त्याच पाण्यातून चुनखडीचे कवच बांधतात. कवचात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. कळले ते असे.

पण गाडे इथेच अडते. कवच बांधताना पाणी थंड असेल तरीही कवचात जड ऑक्सिजन अधिक जातो. साधारण ४ अंश सेल्सिअस थंडीमागे दर हजारी १ एवढी वाढ धरली जाते. म्हणजे आकडा वाढला तर तो बर्फामुळे, की थंडीमुळे, की दोन्हींमुळे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. सेझारे एमिलियानी यांनी १९५५ साली हिमयुगांच्या चढउतारांचा अर्थ मुख्यतः तापमानाने लावला. १९६७ साली निकोलस शॅकल्टन यांनी दाखवले की त्यातला मोठा वाटा बर्फाचा आहे. माझे मुलाखतीतले उत्तर म्हणजे बारा वर्षांचा तो वाद अजिबात न वाचता दिलेले १९५५ सालचे उत्तर होते, आणि “तेवढेच?” म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी मला १९६७ कडे ढकलून पाहिले होते, हे मला पुढे समजले.

इओसीन आणि ऑलिगोसीन यांच्या सीमेवर हा आकडा, ज्याला प्रयोगशाळेत सगळे डेल्टा-एटीन-ओ म्हणतात, साधारण दर हजारी १ ते १.५ इतका उडी घेतो. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहा. पूर्ण दीड थंडीला दिला तर खोल समुद्र ६ अंशांनी थंड झाला असे म्हणावे लागते. पूर्ण दीड बर्फाला दिला तर तेवढे बर्फ आजच्या अंटार्क्टिकावर मावत नाही, कारण तिथले आजचे सारे बर्फ धरले तरी समुद्राच्या आकड्यात फरक पडतो तो दर हजारी १ च्या आसपास. म्हणजे वाटणी करावीच लागते, आणि या वाटणीचाच अभ्यास म्हणजे आमच्या विषयाचा निम्मा भाग. जो विद्यार्थी हा हिशेब स्वतः एकदा मांडतो त्याला पुढचे शोधनिबंध कादंबरीसारखे वाचता येतात. जो मांडत नाही त्याला ते नुसते आकड्यांचे रान वाटते.

आकडा हाती कसा येतो, हे जरा विस्ताराने सांगते, कारण नवोदितांचे पहिले वर्ष यातच जाते. खोल समुद्रातून काढलेल्या गाळाच्या गाभ्यातून ठराविक अंतरावर १०-२० घन सेंटिमीटरचे नमुने मिळतात. ते कमी तापमानावर वाळवायचे, वजन करायचे, पाण्यात भिजत घालायचे आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुवायचे. चिकणमाती निघून जाते आणि चाळणीवर पांढरी, रव्यासारखी वाळू उरते. ती पुन्हा वाळवून १५० मायक्रॉनच्या चाळणीने गाळली की मोठे दाणे हाती येतात. हे दाणे चौकटी आखलेल्या काळ्या ताटलीत पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली, तीन शून्य क्रमांकाच्या ओल्या कुंचल्याच्या टोकाने, हवी ती जात एकेक वेचून घ्यायची. माझी आजी सुपात तांदूळ निवडत असे, त्याच बैठकीचे हे काम. फरक इतकाच की इथे खडे ठेवायचे आणि तांदूळ टाकायचे, कारण वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या जातींची कवचे शेकड्यांनी असतात आणि आपल्याला हवी असलेली तळावरची जात एका नमुन्यात पाच-सात, कधी एकही नाही.

जातीची ओळख ही इथली खरी विद्या. आम्ही मुख्यतः सिबिसिडॉइडीस कुळातील जाती घेतो, पण एकाच पाण्यात राहूनही प्रत्येक जात कवचात थोडा वेगळा आकडा नोंदवते. सिबिसिडॉइडीसचा आकडा पाण्याशी समतोलात अपेक्षित असलेल्या आकड्यापेक्षा सुमारे ०.६४ ने कमी येतो असे मानून त्यात तेवढी भर घालण्याची रीत आहे. वेचताना दुसऱ्या कुळातले चार दाणे चुकून मिसळले, तर आपण शोधत असलेल्या उडीच्या निम्म्याएवढी खोटी उडी सहज तयार होते. संगणकावर कितीही हुशारी केली तरी ती मग निघत नाही. म्हणून पहिले दोन महिने आकड्यांकडे पाहूच नका, फक्त संदर्भ-संग्रहातील कवचांची चित्रे काढत बसा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. छायाचित्रे नव्हे, हाताने काढलेली चित्रे. ती काढली की कवचाची कड, छिद्रे आणि शिवणी डोळ्यांत बसतात.

वेचलेले दाणे मास स्पेक्ट्रोमीटरला जातात. तिथे ७० अंशांवर फॉस्फोरिक आम्लात विरघळून त्यांचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि यंत्र ४४, ४५ आणि ४६ वजनाच्या रेणूंचे गुणोत्तर मोजते. तुलना होते ती अमेरिकेतील साउथ कॅरोलायनातल्या पीडी शैलसमूहातील बेलेम्नाइट या माखळीसारख्या नामशेष सागरी प्राण्याच्या एका जीवाश्माशी. त्याचा मूळ साठा केव्हाच संपला आणि आता त्याच्यावर बेतलेली दुय्यम मानके वापरतात. यंत्राची वेळ मिळणे हा स्वतंत्र संयमाचा विषय आहे आणि त्यावर मी काही लिहीत नाही, कारण प्रत्येक ठिकाणची रांग वेगळी असते.

माझी सर्वांत महाग पडलेली चूक सांगते. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी धुऊन ती मेथिलीन ब्ल्यूच्या निळ्या द्रावणात बुडवायची असते. जाळीत अडकून राहिलेले दाणे त्यामुळे निळे होतात आणि पुढच्या नमुन्यात मिसळले तरी ओळखू येतात. एका आठवड्यात घाईने मी ही पायरी गाळली. पुढे माझ्या आलेखात एक सुरेख टोक उभे राहिले, मुख्य उडीच्या आधीचे, कोणीही पूर्वी न नोंदलेले. चार महिने मी त्या टोकावर जगले, त्याला मनातल्या मनात नावही ठेवले. अखेर मार्गदर्शकांनी उरलेला गाळ पुन्हा ताटलीत पसरायला लावला, तेव्हा त्यात पुष्कळ अलीकडच्या काळातल्या जातींची कवचे निघाली. ती आधीच्या दिवशी धुतलेल्या दुसऱ्याच गाभ्यातली होती. आलेखातले टोक एका दुपारीत गेले. एकट्याच नमुन्यावर उभ्या राहिलेल्या टोकावर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही, मग ते कोणाचेही असो.

आता वाटणीच्या प्रश्नाकडे परत येते. तापमान वेगळे काढण्याची एक युक्ती म्हणजे त्याच कवचातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचे गुणोत्तर. पाणी उबदार असेल तर कवचात मॅग्नेशियम अधिक जाते आणि बर्फ किती साठले याच्याशी त्याचा संबंध नसतो. कॅरोलिन लिअर आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे गुणोत्तर लावून पाहिले तेव्हा एक चमत्कारिक उत्तर आले : ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या उडीत खोल समुद्र थंड झाल्याचे चिन्हच नाही. मग सगळी उडी बर्फाची म्हणावी, तर ते बर्फ ठेवायचे कुठे, हा मघाचाच पेच. उत्तर गोलार्धातही तेव्हा मोठी हिमचादर असावी, असे म्हणण्यापर्यंत मजल गेली.

हा पेच सोडवायला मदत झाली ती चुन्याच्या एका रेषेची. समुद्रात एका ठराविक खोलीखाली चुनखडीची कवचे विरघळून जातात आणि तिथल्या गाळात चुना उरत नाही. २००१ साली मध्य पॅसिफिकमध्ये सुमारे ४.८ किलोमीटर खोल पाण्यात १२१८ क्रमांकाच्या जागी गाळाचा गाभा काढला गेला. हेलन कॉक्सॉल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली त्यावरून दाखवले की नेमक्या याच सुमारास ही रेषा १ किलोमीटरहून अधिक खाली सरकली. गाभ्यात ते उघड्या डोळ्यांना दिसते : खाली गडद, चुना नसलेला गाळ आणि वर पांढराफेक चुन्याचा. मी त्या गाभ्याचे छायाचित्र प्रथम पाहिले तेव्हा मला घराच्या भिंतीवरची ओल आणि वरचा कोरडा चुना आठवला. ध्रुवावर बर्फ साठून समुद्राची पातळी उतरली, किनाऱ्याजवळचे उथळ उंबरे उघडे पडले, तिथे साचणारा चुना खोल समुद्राकडे वळला आणि ही रेषा खाली गेली, असे तिचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पण यातून आणखी एक गोष्ट निघाली. पाण्याची चुनखडी विरघळवण्याची ताकद बदलली की कवचातले मॅग्नेशियमही बदलते. म्हणजे थंडीमुळे घटलेले मॅग्नेशियम या दुसऱ्या कारणाने भरून निघाले आणि थंडी झाकली गेली. ज्या उथळ ठिकाणी हा अडथळा नव्हता, उदाहरणार्थ अलाबामातील एका खाणीतले जुने सागरी थर, तिथे २००८ साली सुमारे २.५ अंशांची थंडी स्पष्ट दिसली. वाटणी जुळली : थोडी थंडी, बरेचसे बर्फ, आणि ते सगळे दक्षिणेतच मावणारे.

हे मी एवढे तपशिलाने सांगितले, कारण या विषयात प्रत्येक मोजमाप दुसऱ्या मोजमापाच्या आधाराने उभे असते. एकाच पद्धतीत निष्णात होऊन बाकीच्यांकडे पाठ फिरवलेला संशोधक इथे फार काळ टिकत नाही. गाळात प्रत्यक्ष बर्फाच्या पाऊलखुणाही सापडतात, हेही लक्षात ठेवावे. हिंदी महासागराच्या दक्षिणेकडील केर्गुलेन पठारावर ऑलिगोसीनच्या आरंभीच्या बारीक गाळात मध्येच खंडावरच्या खडकांची वाळू आहे. ती तिथे आणून टाकणारे हिमनगांखेरीज दुसरे कोणी असण्याचा संभव नाही. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील प्रिड्झ उपसागरात १९८७-८८ आणि २००० साली झालेल्या खोदाईत तर झाडाझुडपांच्या खुणा असलेल्या गाळावर हिमनदीने रेटून आणलेला गाळ साचलेला मिळाला. भारताचे भारती हे स्थानक २०१२ पासून याच उपसागराच्या काठी, लार्समन टेकड्यांमध्ये उभे आहे.

बर्फ का साठले, या प्रश्नाला दोन प्रसिद्ध उत्तरे आहेत. १९७७ साली जेम्स केनेट यांनी मांडले की ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका अंटार्क्टिकापासून दूर सरकल्या, भोवती समुद्री प्रवाहाचे कडे तयार झाले आणि उत्तरेकडची ऊब येणे थांबले. २००३ साली रॉबर्ट डिकॉन्टो आणि डेव्हिड पोलार्ड यांनी संगणकीय प्रतिमानातून दाखवले की मुख्य कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची घट असावी. ते प्रमाण औद्योगिक काळाआधीच्या सुमारे २.७ पटींच्या, म्हणजे दशलक्षात सुमारे ७५० भागांच्या आसपास उतरले की हिमचादर झपाट्याने वाढते, समुद्राची वाट उघडली असो वा नसो. टांझानियातील चिखलातून काढलेल्या कवचांच्या बोरॉनवरून २००९ साली आलेली कार्बन डायऑक्साइडची नोंदही साधारण याच मापाची निघाली. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी केव्हा उघडली यावर कोट्यवधी वर्षांचे मतभेद आहेत आणि ज्या कारणाची वेळच ठरत नाही त्यावर भिस्त ठेवणे मला अवघड जाते.

घट संथ असताना बर्फ मात्र उडी घेऊन का वाढले, हे समजून घ्यायला वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जावे. जेमतेम सहाशे मीटर वर गेलो की हवा तीन-चार अंशांनी उतरते. अंटार्क्टिकाच्या पोटात, आज बर्फाखाली गाडले गेलेले गाम्बुर्त्सेव नावाचे पर्वत आहेत. १९५८ साली सोव्हिएत मोहिमेला त्यांचा पत्ता लागला. पहिले हिम उन्हाळ्यात टिकले ते बहुधा अशा उंच भागांवर. ते साचून पृष्ठभाग आणखी उंच झाला, उंच झाला म्हणून आणखी थंड झाला, पांढरा झाला म्हणून ऊन परतवू लागला, आणि त्यामुळे हिम आणखी टिकले. हिमरेषा पठारांना टेकेपर्यंत काही घडत नाही आणि टेकली की सगळे एकदम घडते. पृथ्वीच्या कक्षेमुळे ज्या काळात दक्षिणेचे उन्हाळे लागोपाठ सौम्य राहिले त्या काळात ही चढण सुरू झाली, असे १२१८ च्या नोंदीवरून दिसते. उलट दिशेने मात्र गाडी त्याच रुळावरून परतत नाही. एकदा उंच आणि पांढरी झालेली चादर वितळवायला ती तयार होतानाच्या पातळीपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड लागतो.

कार्बन डायऑक्साइड का उतरला, या प्रश्नाशी माझ्या घराच्या भिंती येतात. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खडकाचे विदारण करतो, म्हणजे त्याला हळूहळू कुजवून विरघळवतो, आणि शेवटी चुना होऊन समुद्रतळाशी बसतो. काळा बसाल्ट यात फार तत्पर, विशेषतः उष्ण आणि दमट हवेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाचे थर साचले आणि पुढे भारतीय भूखंड ते अंगावर घेऊन विषुववृत्ताच्या ओल्या पट्ट्यातून उत्तरेकडे सरकला. डेनिस केंट आणि जोव्हानी मुत्तोनी यांनी २००८ साली असे मांडले की या प्रवासात दख्खनच्या बसाल्टने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला आणि पृथ्वी थंड होण्याला हातभार लावला. हिमालयाच्या उत्थानाला श्रेय देणारी मोरीन रेमो आणि विल्यम रडिमन यांची मांडणी याहून जुनी आणि अधिक परिचित आहे. सह्याद्रीच्या कातळाचा आणि अंटार्क्टिकाच्या बर्फाचा असा संबंध वाचला त्या दिवशी मी हरखून गेले होते, हे कबूल करते, आणि नेमके म्हणूनच या मांडणीकडे मी संशयाने पाहते. आपल्या गावच्या दगडाला जगाच्या इतिहासात स्थान मिळाले की परीक्षण सैल होते. शिवाय जांभा हे विदारणाचे शेवटचे टोक आहे. तो जाड होत गेला की खालचा ताजा बसाल्ट झाकला जातो आणि कार्बन डायऑक्साइड ओढण्याचे काम मंदावते. आमच्या सड्याने किती काळ हे काम केले आणि केव्हापासून थांबवले, यावर एखाद्या मराठी विद्यार्थ्याने जन्म घालवावा, इतका तो प्रश्न मोठा आहे.

आता वाटेविषयी. भूशास्त्रात पदवी असेल तर उत्तमच, पण रसायन आणि भौतिकशास्त्रातून आलेले विद्यार्थी समस्थानिकांच्या कामात अनेकदा पुढे निघून जातात, फक्त त्यांना जीवाश्मांची नजर कमवावी लागते. एम.एस्सी.साठी जॅम, संशोधनासाठी सीएसआयआर-नेट किंवा गेट या परीक्षा आहेत. नेटमध्ये आपला विषय ‘पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह विज्ञान’ या एकाच मोठ्या पेपरात येतो, त्यामुळे हवामानशास्त्राची किमान ओळख टाळता येत नाही. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आहे. गोव्यात ती पुरते, पण महिन्यामागून महिने उशिराने जमा होते असे गृहीत धरून घरी आधी बोलून ठेवावे. दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे आणि वास्कोजवळ हेडलँड सडा येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. हे केंद्रही एका सड्यावर, जांभ्याच्याच पठारावर आहे, याचे मला अजून हसू येते. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती.

बोटीवर जाण्याचे स्वप्न असेल तर वस्तुस्थिती माहीत असावी. २०१५ साली अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात खोदाई करणारे जॉइडीस रेझोल्यूशन हे जहाज २०२४ साली निवृत्त झाले आणि नवा गाभा मिळण्याच्या संधी आक्रसल्या. याचा दुसरा अर्थ असा की गेल्या पाच दशकांत जमलेल्या जुन्या गाभ्यांचे मोल वाढले. ते जर्मनीत ब्रेमेन, अमेरिकेत टेक्ससमधील कॉलेज स्टेशन आणि जपानमधील कोची येथे (केरळातले नव्हे, एका विद्यार्थ्याने तिकिटाची चौकशीही करून ठेवली होती) थंड कोठारांत ठेवलेले आहेत, आणि संशोधनाचा हेतू नीट मांडला तर मार्गदर्शकामार्फत नमुने मागवता येतात. मागणीपत्रात कोणत्या जागेचा, किती खोलीपासून किती खोलीपर्यंतचा, किती अंतरावर आणि किती घन सेंटिमीटरचा नमुना हवा, हे लिहावे लागते. जास्त मागण्याचा मोह आवरावा. मी पहिल्यांदा दोनशे नमुने मागितले होते आणि त्यातले सत्तर आजही कपाटात न धुतलेले पडून आहेत.

एखाद्या मार्गदर्शकाला पहिले पत्र लिहिण्याआधी पुढचे काम करावे. गेल्या ६ कोटी ६० लाख वर्षांच्या फोरॅमिनिफेरांच्या समस्थानिकांची नोंद थॉमस वेस्टरहोल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२० साली एकत्र करून प्रसिद्ध केली आहे आणि तिचे सर्व आकडे कोणालाही मोफत उतरवून घेता येतात. त्यातला ३ कोटी ५० लाख ते ३ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा तुकडा कापून पायथॉनमध्ये किंवा साध्या आलेखाच्या कागदावर मांडावा, उभा अक्ष उलटा धरावा, म्हणजे थंडी आणि बर्फ खालच्या बाजूला येतात. उडी एकसंध नसून दोन पायऱ्यांची आहे असे दिसेल. कॉक्सॉल यांच्या मोजणीनुसार प्रत्येक पायरी सुमारे ४० हजार वर्षांची आणि मधला सपाट टप्पा सुमारे २ लाख वर्षांचा. पहिल्या पायरीत थंडीचा वाटा किती आणि दुसरीत बर्फाचा किती, आणि मधल्या २ लाख वर्षांत बर्फ का थांबून राहिले, यावर आपल्याला काय वाटते ते आलेखाखाली पाच ओळींत लिहावे आणि तो कागद पत्रासोबत जोडावा.